महापालिकेच्या वृक्षधोरणाला सूचना पाठवताना रोपांच्या संख्येआधी काय मागावे

तुमचा प्रश्न मी असा समजतो. पश्चिम महाराष्ट्रातील तुमच्या महानगरपालिकेने वृक्षतोडीची परवानगी आणि भरपाईची लागवड यांविषयीच्या कार्यपद्धतीत सुधारणा करायचे ठरवले आहे आणि नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या आहेत. तुमच्या प्रभागातील गटाला तीन गोष्टी ठरवायच्या आहेत: एका झाडामागे किती रोपांची मागणी करावी, पुनर्रोपण (झाड मुळांसकट उचलून दुसरीकडे लावणे) सक्तीचे करायला सांगावे का, आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या आवारातील झाडांना काही सूट असावी का. मी बरीच वर्षे एका महापालिकेच्या उद्यान विभागात काम केले आणि नंतर बांधकाम प्रकल्पांसाठी झाडांची पाहणी करून अहवाल दिले. परवानगी देणारा आणि परवानगी मागणारा, अशा दोघांच्याही अडचणी त्यामुळे मला जवळून ठाऊक आहेत. उत्तर लांबणार आहे, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या आधी येणाऱ्या दोन-तीन गोष्टींवर अवलंबून आहे.

प्रथम महापालिकेच्या हातात काय आहे ते पाहू. मूळ कायदा राज्याचा आहे: महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. वृक्ष प्राधिकरण (तोडीच्या अर्जांवर निर्णय घेणारी पालिकेची समिती), वृक्ष अधिकारी, दर पाच वर्षांनी होणारी वृक्षगणना, तोडीपूर्वीची जाहीर सूचना, अपील आणि शिक्षा हे सारे या कायद्यातून आले आहे. २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून मान्यता मिळाली. तोडल्या जाणाऱ्या झाडाचे जितके वय तितकी रोपे लावायची, ती किमान सहा ते आठ फूट उंचीची असावीत, त्यांचे जिओ-टॅगिंग करावे, म्हणजे प्रत्येकाचे नकाशावरील नेमके स्थान नोंदवावे, आणि सात वर्षे ती सांभाळावीत, अशी तरतूद आली. दोनशे किंवा अधिक झाडांच्या तोडीचा प्रस्ताव राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे जाऊ लागला आणि दंडाची कमाल मर्यादा प्रत्येक झाडामागे एक लाख रुपये झाली. त्यामुळे ‘एकास दहा’ किंवा ‘एकास पंधरा’ अशी मागणी तुम्ही केलीत आणि पालिकेने ती मान्य केली, तर चाळीस वर्षांच्या झाडाच्या बाबतीत तुम्ही कायद्याने मिळणाऱ्यापेक्षा कमीच मागितलेले असेल. शहराला कायद्याच्या खाली जाता येत नाही. पण परवानगीसोबत घालायच्या अटी, अनामत रक्कम, पाहणीची पद्धत, निविदेतील कलमे, रोपांचा दर्जा, नोंदी आणि त्यांची प्रसिद्धी यांत शहराला भरपूर मोकळीक असते. तुमच्या सूचनांचा सारा जोर या मोकळ्या जागेवर असायला हवा.

आता रोपांच्या संख्येकडे वळतो. ‘वयाइतकी रोपे’ हा नियम सद्हेतूने झाला आहे आणि जुन्या झाडाची किंमत त्यामुळे कागदावर तरी वाढली, हे मी मान्य करतो. पण प्रत्यक्षात काय घडते ते आकड्यांत पाहा. रस्त्याकडेच्या चाळीस वर्षांच्या एखाद्या पर्जन्यवृक्षाच्या पर्णसंभाराचा व्यास पंधरा मीटर धरला, तर त्याची सावली सुमारे १७७ चौरस मीटर जमिनीवर पडते. त्याच्या बदल्यात चाळीस रोपे लावायची आहेत आणि मियावाकी पद्धतीत, म्हणजे थोड्या जागेत दाट रोपे लावून वन उभे करण्याच्या पद्धतीत, एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपे बसतात, म्हणजे ही चाळीस रोपे दहा ते तेरा चौरस मीटरच्या एका कोपऱ्यात मावतात. नियम पाळला गेला, संख्या जुळली, छायाचित्रही निघाले, पण ज्या रस्त्यावरची सावली गेली तिथे दुपारी चालणाऱ्या माणसाला काहीच मिळाले नाही. मियावाकी वनांना माझा विरोध नाही. पडीक भूखंड हिरवा करायला, पक्ष्यांना आणि कीटकांना आसरा द्यायला ती पद्धत उपयोगी पडते. मात्र रस्त्यावरच्या मोठ्या झाडाची भरपाई म्हणून ती मोजली जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे, कारण दाटीत वाढलेले झाड उंच आणि सडपातळ होते आणि त्याचा घेर कधीच त्या पर्जन्यवृक्षासारखा होत नाही.

संख्या वाढवत नेण्याचा दुसरा तोटा असा, की शहरात इतक्या रोपांना जागाच नसते. मग लागवड शहराबाहेरच्या टेकडीवर किंवा दूरच्या गायरानावर जाते, जिथे पाण्याचा टँकर पोहोचत नाही आणि उन्हाळ्यात वणवा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील रेल्वे उड्डाणपुलांसाठी तोडल्या जाणाऱ्या ३५६ झाडांच्या प्रकरणात नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरण्याचे सुचवले होते. हा आकडा वर्तमानपत्रांतून खूप गाजला. मला त्याच समितीची दुसरी सूचना अधिक मोलाची वाटते. लहान पर्णसंभाराच्या झाडामागे १०, मध्यम झाडामागे २५ आणि मोठ्या झाडामागे ५० रोपे लावावीत, असे तिने म्हटले होते. त्यातील नेमक्या आकड्यांवर वाद घालता येईल, पण वय किंवा केवळ नग मोजण्याऐवजी पर्णसंभार मोजण्याचा विचार त्यात आहे, आणि शहराने तोच पुढे न्यायला हवा.

वय मोजण्यातही एक व्यावहारिक अडचण आहे. आपल्याकडच्या बहुतेक झाडांच्या खोडात वर्षागणिक स्पष्ट वलये उमटत नाहीत. सागासारखा एखादा अपवाद सोडला तर वलये मोजून वय सांगता येत नाही, आणि उभ्या झाडाला भोक पाडून नमुना काढणे हे झाडालाच घातक ठरू शकते. म्हणून खोडाच्या घेरावरून अंदाज बांधला जातो. पण पर्जन्यवृक्ष वीस वर्षांत जेवढा जाड होतो तेवढी जाडी गाठायला चिंचेला कितीतरी अधिक काळ लागतो. त्याच जातीचे झाड चांगल्या मातीत आणि काँक्रीटच्या चौकटीत वेगवेगळ्या गतीने वाढते. अशा वेळी वयाचा अंदाज कमी लावण्याकडे अर्जदाराचा कल असणार हे उघड आहे. त्यामुळे तुमच्या सूचनेत असे लिहा, की प्रत्येक प्रस्तावात झाडाच्या वयासोबत छातीच्या उंचीवरील म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवरील घेर, उंची आणि पर्णसंभाराचे दोन दिशांनी घेतलेले माप द्यावे, वयाचा अंदाज कोणत्या जातीच्या कोणत्या वाढदरावरून काढला ते नमूद करावे, आणि शंका असेल तिथे वय जास्त धरावे.

पण भरपाईची लागवड कितीही चांगली झाली तरी मोठे झाड गेल्यानंतर पंधरा-वीस वर्षे ती जागा रिकामीच राहते. म्हणून मला विचाराल तर धोरणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग परवानगी कोणत्या टप्प्यावर मागितली जाते हा आहे. आज बहुधा असे होते: वास्तुविशारद रिकाम्या भूखंडावर आराखडा काढल्यासारखा आराखडा काढतो, बांधकाम परवानगी मिळते, सल्लागार नेमले जातात, कर्ज मंजूर होते, आणि मग वृक्ष प्राधिकरणासमोर अर्ज येतो की अमुक इतकी झाडे बांधकामाला बाधा आणतात. त्या वेळी प्राधिकरणाने ‘नाही’ म्हणणे जवळजवळ अशक्य झालेले असते. सार्वजनिक प्रकल्पांतही हेच होते. मुंबईत आरे येथील मेट्रो-३ च्या कारशेडसाठी ऑगस्ट २०१९ मध्ये वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडांचा प्रस्ताव मंजूर केला, पण कारशेडची जागा त्याच्या बऱ्याच आधी ठरलेली होती. उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबरला याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवायला सांगितले तोवर २,१४१ झाडे कापून झाली होती. त्या प्रकल्पाविषयी तुमचे मत काहीही असो, झाडांचा विचार शेवटी ठेवला की विचाराला जागाच उरत नाही, हे त्यातून दिसते.

याला उपाय आहे आणि तो शहराच्या अधिकारात बसतो. आराखडा मंजुरीसाठी सादर करतानाच भूखंडावरील आणि त्याच्या हद्दीलगतच्या प्रत्येक झाडाचे स्थान दाखवणारा नकाशा जोडणे सक्तीचे करावे आणि वृक्ष अधिकाऱ्याने आराखडा अंतिम होण्यापूर्वी एकदा जागेवर जाऊन यावे. माझ्या अनुभवात इमारतीच्या मुख्य पायाखाली येणारी झाडे थोडी असतात. बरीचशी झाडे वाहनतळाचा उतार, सांडपाणी प्रक्रिया टाकी, भूमिगत पाण्याची टाकी, कुंपणाची भिंत, विजेचा रोहित्रकक्ष किंवा अंतर्गत रस्ता यांच्यासाठी जातात. या गोष्टी आराखड्याच्या टप्प्यावर चार-पाच मीटर सरकवणे फारसे खर्चाचे नसते, पण काम सुरू झाल्यावर त्याच बदलाला नवी मंजुरी, नवे हिशेब आणि महिन्यांचा विलंब लागतो. विकासकांशी बोलताना मला नेहमी हेच जाणवले, की झाड वाचवायला त्यांचा तात्त्विक विरोध क्वचितच असतो. त्यांना उशीर परवडत नाही. पाहणी आधी झाली तर उशीर टळतो. रस्ते, पदपथ आणि गटारांच्या पालिकेच्या स्वतःच्या कामांनाही हीच अट लागू व्हावी आणि निविदा निघण्यापूर्वी झाडांचा नकाशा तयार असावा. हे विशेष आग्रहाने लिहा, कारण ज्या आयुक्तांच्या प्रशासनाकडून रस्त्याचा प्रस्ताव येतो तेच आयुक्त वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. तिथे ताळमेळ साधायला बाहेरचे कोणी नसते.

प्रस्तावांचे तुकडे पाडण्याचा मार्गही बंद करायला हवा. कायद्यात एखादी संख्या उंबरठा म्हणून ठेवली की प्रस्ताव त्या संख्येच्या खाली राहतील असे आखले जातात. २०२१ च्या दुरुस्तीने हा उंबरठा दोनशेचा ठेवला होता. तेव्हा एकाच रस्त्याची, एकाच भूखंडाची किंवा एकाच प्रकल्पाची सर्व टप्प्यांतील झाडे मिळून एकच प्रस्ताव मानावा, आणि मागील पाच वर्षांत त्याच ठिकाणी दिलेल्या परवानग्या त्यात धरल्या जाव्यात, असे स्पष्ट कलम मागा.

वाचलेले झाड खरोखर वाचावे यासाठी मुळांचा विचार लागतो, आणि आपल्या बहुतेक नियमांत नेमका तोच नाही. झाडाला अन्न-पाणी पुरवणारी बारीक मुळे प्रामुख्याने जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरच्या थरात असतात आणि ती पर्णसंभाराच्या कडेपलीकडेही पसरतात. खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ हे मुळांचे संरक्षित क्षेत्र मानण्याचा संकेत जगभर वापरला जातो. ज्या झाडाच्या खोडाचा व्यास ६० सेंटिमीटर आहे, त्याच्यासाठी ही त्रिज्या ७.२ मीटर येते. आपल्या नऊ मीटर रुंदीच्या रस्त्यावर एवढे वर्तुळ मोकळे मिळणे शक्य नाही, हे मलाही ठाऊक आहे. इथे परिस्थितीप्रमाणे तडजोड करावी लागते, पण तडजोडीलाही नियम हवा. मी स्वतः असा आग्रह धरत आलो, की त्या वर्तुळात जेसीबी चालवू नये, खोदाई हाताने करावी, मनगटाएवढे मूळ आढळले तर ते वृक्ष अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय तोडू नये, झाडाच्या दोन्ही बाजूंनी एकाच वर्षी चर खणू नये, आणि केबल किंवा जलवाहिनी शक्यतो मुळांखालून आडवे छिद्र पाडून न्यावी. गटारासाठी एका बाजूची मुळे सफाईने कापली गेलेली झाडे त्याच वर्षी मरत नाहीत. दोन-तीन पावसाळ्यांनी, जमीन भिजून मऊ झाली असताना आणि पश्चिमेचा वारा जोरात असताना ती उन्मळतात, आणि तेव्हा वर्तमानपत्रात ‘जुनाट झाड कोसळले’ एवढेच छापून येते. खोदाईची नोंद झाडाच्या क्रमांकाशी जोडलेली असेल तर खरे कारण समोर येईल आणि संबंधित ठेकेदाराला जबाबदार धरता येईल.

बुंध्याभोवतीच्या काँक्रीटविषयी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीच्या संदर्भात बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश दिला होता. एक मीटर ही अगदीच किमान मर्यादा आहे, पण तीही पाळली गेली तर फरक पडतो. तुमच्या शहरात पदपथांवर पेव्हर ब्लॉक बसवताना बुंधे गळ्यापर्यंत बुजवले जात असतील, तर पदपथाच्या कामाचे अंतिम देयक या मोकळ्या जागेची पाहणी झाल्यावरच अदा करावे, अशी मागणी करा. ठेकेदाराचे देयक अडले की जे काम होते ते दहा परिपत्रकांनी होत नाही.

धोकादायक झाडांचा मुद्दा नाजूक आहे. मेलेले, रोगग्रस्त, वाऱ्याने पडलेले किंवा जीविताला धोका असलेले झाड तोडण्याची परवानगी नाकारता येत नाही, असे कायदाच सांगतो, आणि ते योग्यही आहे. दर पावसाळ्यात फांद्या पडून माणसे दगावतात, त्यांच्या घरच्यांना आपण काय सांगणार? पण ‘धोकादायक’ हा शब्द निकषांविना वापरला गेला की नको असलेले प्रत्येक झाड धोकादायक ठरू लागते. म्हणून पाहणीचा छापील नमुना असावा. त्यात बुंध्याजवळची जमीन भेगाळली किंवा उचलली गेली आहे का, झुकाव जुना आहे की अलीकडचा, खोडावर कवकाची छत्रे आली आहेत का, ढोलीभोवतीचे सुदृढ लाकूड किती जाडीचे उरले आहे, झाड पडलेच तर खाली काय आहे, आणि छाटणीने धोका कमी होईल का, या प्रश्नांची उत्तरे छायाचित्रांसह नोंदवली जावीत. माझ्या पाहणीतील पुष्कळ ‘धोकादायक’ झाडांना एका बाजूचा भार हलका करणारी शास्त्रशुद्ध छाटणी पुरेशी होती. उलट शेंडा छाटून खोडाचा ठोकळा करण्याची जी पद्धत विजेच्या तारांखाली दिसते, तिच्यामुळे कापलेल्या जागी कुज शिरते, त्या जागेलगत फुटलेल्या नव्या फांद्या कमकुवत जोडाच्या राहतात आणि काही वर्षांनी त्याच पडतात. छाटणी करणाऱ्या माणसांना प्रशिक्षण आणि परवाना असावा, ही मागणी कोणी फारशी करत नाही. तुम्ही करावी.

आता लागवड. नियमात पहिले वाक्य असे असावे, की तोडीची परवानगी देण्यापूर्वी भरपाईच्या प्रत्येक रोपाची जागा नकाशावर निश्चित झालेली असली पाहिजे. ती प्रथम त्याच रस्त्यावर, तिथे शक्य नसेल तर त्याच प्रभागात, आणि तिथेही शक्य नसेल तरच अन्यत्र असावी. जागा नसल्याने पैसे भरून घेतले असतील तर ते वेगळ्या शीर्षाखाली ठेवून त्याच प्रभागातील पदपथ फोडून खड्डे करण्यासाठी, माती बदलण्यासाठी आणि पाण्यासाठी वापरावेत. मालमत्ता कराच्या बिलात वृक्षकर आपण सगळेच भरतो. तो कुठे खर्च झाला याचा प्रभागनिहाय हिशेब वर्षातून एकदा प्रसिद्ध व्हावा, अशी सूचनाही यासोबत जोडा.

रोपाची उंची सहा-आठ फूट असणे चांगले, पण नुसती उंची फसवी असते. लहान पिशवीत फार काळ ठेवून उंच केलेल्या रोपाची मुळे पिशवीतच गोल फिरलेली असतात. असे रोप दोन-तीन वर्षे बरे दिसते आणि पुढे वाऱ्यात कलंडते. रोपवाटिकेतून माल घेताना काही रोपांच्या पिशव्या उघडून मुळे पाहावीत, बुंध्याची जाडी तपासावी, आणि आधाराशिवाय उभे न राहणारे रोप परत करावे. खड्डा मीटरभर लांब-रुंद-खोल असावा हे सर्वांना पाठ असते, पण पदपथाखाली रस्त्याचा भराव असतो, तो काढून माती आणि शेणखत भरले नाही तर खड्ड्याच्या आकाराला अर्थ उरत नाही. काळ्या चिकण जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही. तुमच्या शहराच्या वेगवेगळ्या भागांत वेगळी जमीन असेल तर एकच मोजमाप सगळीकडे लावू नये. लागवड पहिल्या सरींच्या उत्साहात न करता जमीन चांगली भिजल्यावर, जुलैत करावी. आणि पहिले तीन उन्हाळे पाण्याची सोय नसेल, तर ती लागवड करूच नये असे माझे मत आहे.

जातींची निवड जागेवर अवलंबून असते, म्हणून मी यादी देत नाही, विचार सांगतो. अरुंद पदपथावर आणि तारांखाली बहावा, ताम्हण, कांचन यांसारखी मध्यम उंचीची झाडे शोभतात. तीन मीटरहून रुंद पट्टा असेल तिथे कडुनिंब, करंज, जांभूळ, बकुळ लावता येते. वड, पिंपळ, उंबर यांना मैदाने, बागा, नदीकाठ, शाळांची आवारे द्यावीत. एका रस्त्यावर एकच जात लावली की दृश्य सुंदर दिसते, पण एकाच किडीने ती सगळी रांग जाऊ शकते. मुंबईत पिठ्या ढेकूण या किडीमुळे पर्जन्यवृक्षांची झालेली हानी आपल्या स्मरणात आहे. झटपट हिरवे दिसावे म्हणून लावल्या जाणाऱ्या कोनोकार्पसवर गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली. तुमच्या धोरणातही भरपाई म्हणून ते मोजले जाऊ नये.

जगण्याचा हिशेब हा या सगळ्याचा कणा आहे. सात वर्षे सांभाळण्याची अट कायद्यात आहे, पण पैसे जर लागवडीच्या दिवशीच मिळत असतील तर अट कागदावर राहते. ठेकेदाराचे देयक टप्प्यांत विभागावे: लागवडीनंतर थोडा भाग, मोठा भाग पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत रोपांच्या मोजणीवर, आणि उरलेला सातव्या वर्षी. विकासकाकडून घेतलेली अनामतही अशीच टप्प्याटप्प्याने परत करावी. मेलेल्या रोपाच्या जागी नवे लावले तर सात वर्षे त्या दिवसापासून पुन्हा मोजावीत. नाहीतर दर जूनमध्ये त्याच खड्ड्यात नवे रोप जाते आणि नोंदीत जुनेच झाड जगत राहते. जिओ-टॅगिंगचे छायाचित्र त्याच कोनातून, मोजपट्टी धरून दरवर्षी घेतले, तर ही लबाडी पकडता येते. मोजणी उद्यान विभागाने न करता शहरातील महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून किंवा तशाच त्रयस्थ संस्थेकडून करून घ्यावी आणि निकाल संकेतस्थळावर टाकावा.

पुनर्रोपण सक्तीचे करावे का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. दिल्लीने डिसेंबर २०२० मध्ये धोरण केले, की प्रकल्पात बाधित होणाऱ्या झाडांपैकी किमान ८० टक्के झाडांचे पुनर्रोपण करावे आणि त्यांतील ८० टक्के वर्षअखेर जगलेली असावीत. २०२२ मध्ये दिल्ली सरकारने उच्च न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार आधीच्या तीन वर्षांत हलवलेल्या १६,४६१ झाडांपैकी केवळ ५,४८७, म्हणजे एक तृतीयांश, जगली होती. वड, पिंपळ, उंबर आणि पाम हे हलवणे तुलनेने सोपे असते. जुनी चिंच, जांभूळ, मोठा आंबा किंवा साग हलवणे बहुधा व्यर्थ जाते. हलवायचेच असेल तर काही महिने आधीपासून टप्प्याटप्प्याने मुळे छाटून मातीचा गोळा तयार करावा लागतो. क्रेन येण्याच्या आदल्या दिवशी खणलेले झाड म्हणजे सावकाश तोडलेले झाड होय. म्हणून निवडक जातींसाठी, तज्ज्ञाच्या लेखी शिफारशीनेच पुनर्रोपण करावे, आणि हलवलेले झाड तीन वर्षे जगेपर्यंत ते तोडलेले मानून त्याची पूर्ण भरपाई घ्यावी. असे केले तर ‘एकही झाड तोडले नाही’ असे म्हणत प्रकल्प पुढे रेटण्याची सोय उरत नाही.

सोसायट्यांच्या बाबतीत मात्र मी तुमच्या गटातील सूट मागणाऱ्यांची बाजू काही प्रमाणात समजू शकतो. परवानगीसाठी महिनोन्‌महिने फेऱ्या माराव्या लागतात, छाटणीचे शुल्क भरूनही माणसे येत नाहीत, आणि मग लोक आवारात उगवलेले वडाचे रोप मोठे होण्याआधीच उपटून टाकतात, कारण उद्या ते संरक्षित होऊन आपल्याच गळ्यात पडेल अशी भीती असते. ज्या नियमामुळे झाड लावणाऱ्याला झाडाची भीती वाटते तो नियम बदलायला हवा. पण बदल तोडीला सूट देण्यात नसावा, सेवेत असावा. छाटणीच्या अर्जावर ठरावीक दिवसांत पाहणी, परवानाधारक छाटणी करणाऱ्यांची दरांसह यादी, भिंतीत उगवलेली रोपे वेळीच काढून अन्यत्र लावण्यास सरळ मुभा, आणि मोठी झाडे सांभाळणाऱ्या सोसायट्यांना मालमत्ता करात थोडी सवलत, एवढे केले तरी तक्रारी पुष्कळ कमी होतील. तोडीला सूट दिली, तर पुनर्विकासाच्या लाटेत जुन्या सोसायट्यांतील आंबे, फणस आणि नारळ प्रथम जातील, आणि अनेक शहरांतील उरलेली मोठी झाडे याच आवारांत आहेत.

शिक्षेबद्दल एवढेच सांगतो, की एक लाखाचा दंड पुरेसा आहे, तो लावणारा माणूस पुरेसा नाही. बुंध्याला भोके पाडून आम्ल ओतणे, सालीचे कडे काढणे, मुळांशी राडारोडा टाकून जाळणे, हे सारे कायद्याच्या व्याख्येनुसार ‘तोड’ या सदरात येते. पण पंचनामा त्याच दिवशी झाला नाही तर प्रकरण उभे राहत नाही. प्रत्येक प्रभागात पंचनामा करण्याचा अधिकार असलेला एक नामनिर्देशित कर्मचारी असावा आणि तक्रार आल्यापासून चोवीस तासांत त्याने जागेवर जावे, असे कलम मागा. परवानगीची प्रत, झाडाचे क्रमांक आणि मुदत दर्शवणारा फलक जागेवर लावणे बंधनकारक केले, तर येणारा-जाणारा नागरिकच तोड वैध आहे की नाही हे पाहू शकतो.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर संख्येच्या रकान्यात असे लिहा: कायद्यानुसार येणारी रोपे किमान मानावीत, त्यांपैकी रस्त्यावर किंवा त्याच प्रभागात मोकळ्या अंतरावर लावलेली रोपेच सावलीच्या भरपाईत धरावीत, आणि ती पूर्ण वाढल्यावर त्यांचा एकत्रित पर्णसंभार तोडलेल्या झाडाच्या पर्णसंभारापेक्षा कमी भरू नये. सूचना पाठवताना तुमच्या प्रभागातील एखाद्या रस्त्याची पाहणी जोडलीत तर तिला वजन येईल. मोजपट्टी घेऊन त्या रस्त्यावरील प्रत्येक झाडाचा घेर, बुंध्याभोवतीची मोकळी जागा, मागील लागवडीतील जिवंत आणि मेलेली रोपे, आणि नवीन खड्डे घेता येतील अशा जागा एका तक्त्यात मांडा. उद्यान विभागातील कर्मचाऱ्यांशी ही पाहणी करतानाच बोला. धोरणातील कोणते कलम अमलात येऊ शकेल आणि कोणत्यासाठी माणसेच नाहीत, हे त्यांना नेमके ठाऊक असते, आणि त्यांच्यासाठी वाढीव पदांची मागणी तुमच्या पत्रात आली तर प्राधिकरणाच्या बैठकीत तुमच्या बाकीच्या सूचनांनाही त्यांच्याकडून पाठिंबा मिळण्याची शक्यता आहे.